पेरूच्या ‘नत्राच्या गाठी’ मला ५,३६० रुपयांना पडल्या

बारापैकी बारावं रोप सोमवारी उपटलं. आधी हिशोब सांगतो, म्हणजे लाज एकदाच वाटेल. परसात लावायला तैवान पिंक पेरूची १२ रोपं घेतली, १८० रुपयांना एक, म्हणजे २,१६०. टेम्पोभाडं ३००. खड्ड्यांची मजुरी १,२००. वर त्याच रोपं विकणाऱ्या टेम्पोवाल्याकडून ‘टॉनिक’च्या दोन बाटल्या, ८५० ची एक. एकूण ५,३६०.

चौकात रविवारी लागणारा टेम्पो, फ्लेक्सवर लगडलेले पेरू, ‘सर, सहा महिन्यांत फळ’. तुम्हाला ठाऊकच आहे. मी भुईमूग उपटत वाढलेला माणूस, म्हणून जास्त झोंबतं.

कारण गाठी मी बघितल्या होत्या. एक पिशवी फाटली होती आणि बाहेर आलेल्या मुळांवर आल्याच्या कुड्यांसारखे वेडेवाकडे फुगवटे होते. विचारलं तर म्हणतो, “नत्राच्या गाठी, सर. हरभऱ्याला नसतात का? रोप जोमात आहे.” बायको म्हणाली, “अहो, पेरू काय कडधान्य आहे?” चार लोकांत मी तिलाच गप्प केलं.

भुईमूग-हरभऱ्याच्या मुळांवर हवेतलं नत्र धरणाऱ्या जिवाणूंच्या गाठी येतात, त्या चांगल्या. भुईमुगाची नत्राची गाठ मुळाच्या कडेला चिकटलेली असते, नखानं सुटते, फोडली तर आतून गुलाबी निघते. माझ्या पेरूवर होती ती सूत्रकृमीची, म्हणजे मुळात शिरणाऱ्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या जंतांची गाठ. ती म्हणजे खुद्द मूळच सुजलेलं. ओढली तर मूळ तुटतं. नख लावायला कितीसा वेळ लागला असता? नाही लावलं. पण पानं तेव्हा हिरवीगार, तकतकीत होती हो! कुणीही फसला असता.

दीड महिन्यानं पानं पिवळी पडली. रोपं दुपारी माना टाकायची, संध्याकाळी सावरायची. मी पाणी वाढवत राहिलो. माती ओली असून रोप मान टाकतंय, तर एक उकरून मूळ बघा. बाटली घेऊ नका. मी टेम्पोवाल्याला फोटो पाठवला, उत्तर आलं ‘झिंक कमी आहे’. बाटलीवर ना घटक, ना बॅच नंबर, ना पत्ता. तरी घेतली. दुसरीही घेतली.

मग तालुक्याचं कृषी कार्यालय. पहिल्या खेपेला साहेब दौऱ्यावर, दुसऱ्या खेपेला मीटिंगमध्ये. तिसऱ्यांदा भेटले तर म्हणे, “परसबाग आमच्याकडे येत नाही.” फळरोपवाटिकेला परवाना लागतो, राज्यात १९६९ पासून कायदा आहे, तो टेम्पोवाल्याकडे आहे का एवढं तरी बघा, म्हटलं. “पक्की पावती आहे का?” माझ्याकडे वहीचा चिटोरा, ‘१२ नग, जमा’. पुरावा म्हणून नेलेली मुळं टेबलावर ठेवली, तर म्हणाले, “खाली ठेवा, कागद खराब होतील.” तीन खेपांचं एसटीभाडं वरच्या हिशोबात धरलेलं नाही. पोलीस ठाण्यात हवालदार हसला, “झाड मेलं म्हणून गुन्हा कुणावर दाखल करू, काका?” ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, पण तिथं तरी चिटोरा घेऊन काय जाणार!

पक्की पावती घ्याच. एक रोप जास्तीचं विकत घ्या आणि तिथंच, त्याच्यासमोर पिशवी फाडा. तो कां कू करू लागला की चालू पडा.

सूत्रकृमी मातीत राहिलेच. शेजारच्या वाफ्यातल्या टोमॅटो-वांग्यांच्या मुळांवरही आता गाठी आहेत. बायकोनं निंबोळी पेंड मिसळून तिथं झेंडू लावलाय. मला न विचारता.