हमबकर बसवला, पण नेकला सिंगल कॉइलच ठेवली

गेल्या जूनमध्ये, मृगाच्या आठवड्यात, इलेक्ट्रिक गिटारीचा ब्रिजकडचा (तारा खाली जिथे अडकतात त्या टोकाचा) पिकअप, म्हणजे तारेची थरथर विजेत बदलणारा भाग, बदलून हमबकर, म्हणजे दोन कॉइलचा पिकअप, बसवला. आता मे संपत आलाय. मधे गणपती झाले, लग्नसराई झाली, दोन जत्रा झाल्या, म्हणजे आता बोलायला हरकत नाही. गिटार स्ट्रॅट (फेंडरच्या स्ट्रॅटोकास्टर) पद्धतीची, मूळच्या तिन्ही सिंगल कॉइल, म्हणजे एकेका कॉइलचे पिकअप: ब्रिजकडे, मधे आणि नेककडे (मानेजवळ). मी मालवणात राहतो आणि हळदी-लग्नाच्या ऑर्केस्ट्रात वाजवतो. अर्धी रात्र कोळीगीतं, मधे जुनी हिंदी, शेवटी पोरांसाठी थोडा रॉक.

बदलायचं कारण गुणगुण. मांडवात डिमर, एलईडी लाइटी आणि मागे जनरेटर असला की सिंगल कॉइल त्या सगळ्यांचा आवाज गोळा करते. एका हळदीला आमचा कीबोर्डवाला माइकवरच म्हणाला, "मेल्या, गिटार वाजयतंस काय गिरण चालू केलंस?" लोक हसले, मी नाही.

पहिला हमबकर घेतला तो सिरॅमिक चुंबकाचा, मीटरवर कॉइलचा रोध जवळपास १६ किलोओहम. चूक माझीच, आकडा बघून भुललो. नुसता किलोओहमचा आकडा ताकद सांगत नाही, तार किती बारीक आणि चुंबक कुठलं यावरही बरंच असतं. तरी हा खरोखरच दांडगा निघाला. रॉकला झकास, पण कोळीगीताच्या ठेक्यात कॉर्ड मारली की सहा तारांचा एकच लगदा. व्हॉल्यूम उतरवला तर आवाज गोधडीत गुंडाळल्यासारखा. गणपतीआधी काढून टाकला.

दुसरा अल्निको २ नावाच्या मिश्रधातूच्या चुंबकाचा, ७.८ किलोओहम. तो अजून आहे आणि राहील. १९५५ मध्ये गिब्सन या गिटार कंपनीच्या सेथ लव्हरनी हमबकरच्या पेटंटसाठी अर्ज केला. त्या सुरुवातीच्या काळातले पिकअपही साधारण याच ताकदीचे. दोन कॉइल उलट गुंडाळलेल्या, चुंबकाची टोकंही उलट. त्यामुळे तारेचा आवाज जमा होतो आणि ५० हर्ट्झची गुणगुण आपसात कापली जाते. पण माझा जीव जडला तो दुसऱ्याच कारणाने. प्लेक्ट्रम हळू लावला तर हळू, जोरात लावला तर कडक, हे त्यात नीट कळतं. दांडग्या पिकअपला माझा हात ओळखताच येत नव्हता.

खरा फरक मात्र स्क्रू-ड्रायव्हरने पडला. शेवटचा फ्रेट दाबून धरायचा आणि कंपासपेटीतल्या पट्टीने तार आणि पिकअपचा पोल (तारेखालचा धातूचा खिळा) यांतलं अंतर मोजायचं. आधी दीड मिलिमीटर ठेवलं होतं, आवाज मोठा पण कर्कश. अर्धा-अर्धा आटा सैल करत जाड तारेखाली अडीच आणि बारीक तारेखाली दोनवर आलो, तेव्हा सूर मोकळा झाला. नेकच्या सिंगल कॉइलला तर जास्तच जपावं लागतं. चुंबक फार जवळ आलं की जाड तार ओढली जाते आणि वरच्या फ्रेटवर सूर डगमगतो.

पॉटचा (व्हॉल्यूमच्या बटणाखालच्या भागाचा) गोंधळ आधीच माहीत असता तर एक संध्याकाळ वाचली असती. हमबकरला ५०० किलोओहमचा पॉट बरा, सिंगलला २५०. मी ५०० चा बसवला आणि सिंगल कॉइलींना ४७० चा रेझिस्टर अर्थला जोडला. मग त्यांना साधारण २४० च दिसतात. पडवीत सोल्डरिंग करताना नेमकी लाइट गेली, शेवटचा सांधा टॉर्च दातात धरून लावला. अजून टिकलाय.

खारी हवा हा वेगळाच ताप. अल्निकोत लोखंड असतंच, त्यामुळे श्रावणापर्यंत मधल्या सिंगल कॉइलच्या पोलांवर तांबूस ठिपके आले. बहिणीच्या रंगहीन नेलपॉलिशचा पातळ हात दिला, आवाजात फरक नाही. हमबकरवर निकेल-सिल्वरचं झाकण आहे, त्याला काही झालं नाही. (नावात चांदी, आत तांबं, निकेल आणि जस्त.) तारा मात्र तीन आठवड्यांत जातात, त्याला इथे इलाज नाही.

मग नेकलाही हमबकर का नाही? लावून बघितला. जुन्या गाण्यांतला तो काचेसारखा स्वच्छ सूर गेला, चार दिवसांत परत काढला. मधली कॉइल उलट गुंडाळलेली आहे, त्यामुळे नेक-मधली जोडीने लावली की गुणगुण जाते. एकटी नेक लावायची असेल तेव्हा गाण्याआधी गिटार घेऊन हळूहळू वळतो आणि जिथे गुणगुण सगळ्यात कमी, तिथेच थांबतो. परवा वेंगुर्ल्याला ती दिशा नेमकी जेवणाच्या पंगतीकडे निघाली. अख्खं गाणं वाढप्यांकडे बघत वाजवलं.