गुजरीतली मोत्यांची जुनी बुगडी

कोल्हापूरच्या गुजरीत, अंबाबाईच्या देवळापासून हाकेच्या अंतरावर असलेल्या एका सराफी पेढीतून गेल्या दिवाळीनंतर मी मोत्यांच्या जुन्या बुगड्यांची जोडी घेतली. पुढे एक तक्रारही नोंदवायची असल्यामुळे पेढीचे नाव लिहीत नाही. काचेच्या कपाटात ‘अँटिक’ म्हणून मांडलेला बहुतेक माल नवाच होता. साच्यात ओतून, वर काळपट झाक देऊन जुना भासवलेला. मला खरोखर वापरलेला डाग, म्हणजे दागिना, हवा होता आणि तो गल्ल्यामागच्या तिजोरीतून, गुलाबी कागदाच्या पुडीतून निघाला.

कुडी पाळीत घालतात, तर बुगडी कानाच्या वरच्या कडेला. कर्नाटकातही हा दागिना जवळजवळ याच नावाने ओळखला जातो, त्यामुळे कोल्हापुरात तो परका वाटण्याचे कारण नाही. वरचा कान टोचण्याची रीत मागे पडल्यावर बाजारात दाबाची बुगडी आली. पण ती घातलेली बाई सारखा कान चाचपत असते, हा माझा अनुभव. या जोडीला मात्र मळसूत्र आहे. समोरून पाहिले तर मधोमध एक बारीक लाल खडा आणि भोवती मोत्यांचे कडे, एवढेच दिसते. नव्या दागिन्यातही हे सारे मिळते.

खरी कारागिरी मागच्या बाजूला आहे. प्रत्येक मोत्यातून सोन्याची तार ओवून ती मागे पिळून बसवलेली आहे, आणि भिंगातून पाहिले तर कुठे तीन पीळ, कुठे चार. मळसूत्राचे आटे हाताने पाडलेले असल्याने एका बुगडीची फिरकी दुसरीला बसत नाही. एका फिरकीच्या कडेला कानसेने पाडलेली बारीक खाच आहे. कोणती फिरकी कोणत्या बुगडीची, हे अंधारातही बोटाला कळावे, यासाठी ती असणार. सोनाराने केली की वापरणारीने करवून घेतली, कोण जाणे. असे डाग आता फारसे हाती लागत नाहीत, कारण घरात नड आली की जुने सोने आधी मोडीत जाते. त्यात जानेवारी 1963 पासून सुवर्ण नियंत्रणाखाली 14 कॅरटहून शुद्ध सोन्याचे नवे दागिने घडवण्यावर बंधन आले, कित्येक सोनारांचे हातचे काम गेले, आणि 1990 मध्ये कायदा रद्द झाला तोवर अनेक घरांतली मुले दुसऱ्या धंद्याला लागली होती.

आता तक्रार. दोन्ही बुगड्या मिळून वजन 3.640 ग्रॅम भरले आणि पेढीने मोत्यांसकट सगळे वजन सोन्याच्या भावाने लावले. ‘जुन्या डागात असेच धरतात’ हे उत्तर मी मानले नाही, तेव्हा 0.400 ग्रॅम वजा झाले. त्यावर पुन्हा टक्केवारीने घडणावळ! ज्याने ही जोडी घडवली त्याची मजुरी कधीच चुकती झाली असेल. हाताच्या कामाची म्हणून वेगळी किंमत सांगितली असती, तर मी ती कुरकुर न करता दिली असती. पण ओतीव मालाच्या हिशेबाने हे काम मोजणे म्हणजे आपण काय विकतो आहोत हेच न समजणे. मोती ‘बसऱ्याचे’, म्हणजे इराणच्या आखातातले नैसर्गिक, असल्याचेही सांगण्यात आले. प्रत्येक जुना मोती बसऱ्याचाच असतो असे सराफांचे म्हणणे असते. मोती नैसर्गिक की संवर्धित हे क्ष-किरण तपासणीशिवाय खात्रीने सांगता येत नाही, म्हणून त्या शब्दासाठी मी एक रुपयाही जास्त दिला नाही.

2 ग्रॅमच्या आतल्या नगाला हॉलमार्कची सक्ती नसल्यामुळे अशा खरेदीत शुद्धतेची खात्री ग्राहकानेच करून घ्यावी. मी यंत्रावर तपासून घेतले, तेव्हा मुख्य भाग साडेएकवीस कॅरटच्या आसपास आणि मळसूत्र अठराच्या जवळ निघाले. ही फसवणूक नव्हे. मऊ सोन्याचे आटे लवकर झिजतात. सोन्याच्या बाबतीत पेढी प्रामाणिक आहे, हे नोंदवायला हवे.

एक मोती किंचित हलत होता. माडीवर बसणाऱ्या बंगाली कारागिराने डाक द्यायला, म्हणजे धातू वितळवून सांधायला, साफ नकार दिला, कारण आच लागली की मोती गेलाच. त्याने जुनीच तार चिमट्याने सोडवून पुन्हा पिळली आणि 150 रुपये घेतले. धुण्यासाठी कोमट पाण्यात थोडा रिठा, मऊ ब्रश आणि लगेच कोरडे फडके, एवढेच त्याने सांगितले. अत्तर किंवा फवारा मारून झाल्यावरच बुगडी घालावी, हे मी माझ्या पदरचे जोडते.

वरचा कान मी या जोडीसाठी चाळिशीत टोचून घेतला. टोचल्याची जखम बरी व्हायला तीन महिने लागले. खाचेची फिरकी डावीकडे जाते.