जुन्या गोव्यातली पायी वारसा फेरी: जरूर करा, पण म्युझियमला वेगळा वेळ ठेवा

गेल्या रविवारी आई आणि भाच्याला घेऊन ही फेरी केली, माणशी ५०० रुपये, सकाळी साडेसातला व्हाइसरॉय कमानीपाशी जमायचं. आम्ही फोंड्याचे, फेस्ताला म्हणा, पाहुणे आले की म्हणा, जुन्या गोव्याला शंभरदा गेलोय, पण लढाईत साध्या माणसांचं काय झालं हे तिथं कुणी कधी सांगितलंच नव्हतं आणि ह्या फेरीचा विषयच तो, म्हणून बुक केली.

गाइडनं सुरुवात मांडवीच्या काठावरच केली. १५१० मध्ये पोर्तुगीज सेनापती आल्बुकेर्कनं पहिल्यांदा गोवा घेतला तो जवळपास न लढताच, मग मे महिन्यात आदिलशाही फौज आली आणि पोर्तुगीज जहाजांवर पळाले, आणि वरून पाऊस लागला. पावसात नदीचं तोंड कसं खवळतं ते आपल्याला सांगायला नको, समुद्रात जाता येईना, पणजीच्या कोटातून तोफा चालू, ऑगस्टपर्यंत तसेच अडकले. उंदीर खाल्ले, पेट्यांचं चामडं खाल्लं. भाचा आठवीत आहे, तो हळूच म्हणाला, मावशी, त्यांच्या घरी कळलं असेल का गं? पोर्तुगालला जहाज पोचायलाच सहाएक महिने लागायचे म्हटल्यावर तो बराच वेळ नदीकडेच बघत होता.

मग सेंट कॅथरीनचं छोटं चॅपेल. त्याच वर्षी २५ नोव्हेंबरला पोर्तुगीजांनी शहर परत घेतलं, त्या दिवसाची आठवण म्हणून ते बांधलंय. मी तिथं कितीदा फोटो काढलेत. पुढचे चार दिवस शहरातल्या मुसलमानांची कत्तल चालली, बायकापोरंसुद्धा सोडली नाहीत, मशिदीत माणसं भरून आग लावली, आणि हे सगळं आल्बुकेर्कनं स्वतःच २२ डिसेंबरच्या पत्रात पोर्तुगालच्या राजाला कळवलंय, आकडा ६००० चा. शेतकरी आणि ब्राह्मणांना मात्र मारू नका असा हुकूम होता. गाइडनं हे आवाज न चढवता, कुणाची बाजू न घेता सांगितलं, ह्याचे पूर्ण मार्क.

शेवटी पुरातत्त्व खात्याचं म्युझियम, आणि माझ्यासाठी सगळ्यात मोलाचं तेच. कदंब राजांच्या काळातले वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांच्या आठवणीचे कोरीव दगड, आहेत तिथं, एकावर चक्क जहाजावरची लढाई कोरलीय, खाली मारामारी, वर मेलेल्या वीराला अप्सरा घेऊन चाललेल्या. आणि सतीशिळा, सती गेलेल्या बायकांच्या आठवणीचे दगड. सतीशिळेवर कोपरात वाकवलेला हात असतो ना, बांगड्या भरलेला, आई त्याच्यापुढं थांबली ती हलेचना, म्हणाली नवरा लढाईत गेला आणि हिचं हे असं.

आणि नेमकं इथंच आम्हाला दहा मिनिटांत आटपायला लावलं, पुढची बॅच येते म्हणून! हे मला अजिबात पटलं नाही. माहितीपत्रकही फक्त इंग्रजीत, गाइडला विनंती केल्यावर तो कोंकणी-मराठीत बोलायला लागला, छान बोलतो, मग पत्रक मराठीत काढायला काय हरकत? पाण्याची सोय नाही, वयस्कर माणसांना मध्ये बसायला जागा नाही, साडेदहाला ऊन चटका देतं.

तरी पाचपैकी चार. शुक्रवारी म्युझियम बंद असतं, तो वार सोडून बुक करा. मी पुढच्या रविवारी आईला घेऊन परत जाणार, फक्त वीरगळ बघायला, सावकाश.