फ्रेशर नर्सने एजन्सीतून सुरुवात करावी का? दोन्ही बाजू बघितलेल्या सिस्टरचा रिव्ह्यू

रेटिंग आधीच देऊन टाकते, म्हणजे घाईत असलेले सुटले. दोन-तीन वर्षं वॉर्ड काढलेल्या नर्ससाठी स्टाफिंग एजन्सी ही सर्व्हिस पाचपैकी चार. नुकताच रिझल्ट लागलाय, रजिस्ट्रेशनची शाई अजून ओली आहे अशांसाठी पाचपैकी दीड, आणि त्यातला अर्धा पैसे पटकन मिळतात म्हणून.

मी एजन्सीतर्फे शिफ्टही केल्यात आणि आता इन्चार्ज आहे तर एजन्सीने पाठवलेले लोक माझ्याच वॉर्डात येतात, त्यांना ओव्हर (पेशंटची माहिती सोपवणं) मीच देते. त्यामुळे हा कुठल्या एका एजन्सीचा रिव्ह्यू नाही, एकूण या सर्व्हिसचा आहे आणि तो पण फक्त फ्रेशरच्या बाजूने लिहिलेला. अनुभवी लोकांनी उगाच अंगावर घेऊ नका.

आधी एक गोष्ट डोक्यात नीट बसवा. एजन्सीचं गिऱ्हाईक तुम्ही नाही, हॉस्पिटल आहे. हॉस्पिटल तासाचा रेट भरतं, एजन्सी त्यातून आपला कट काढते आणि राहिलेलं तुम्हाला. आता हॉस्पिटल स्वतःचा स्टाफ सोडून बाहेरच्या माणसाला जास्तीचे पैसे का मोजतं? कारण त्यांना आज रात्री माणूस कमी आहे आणि असा माणूस पाहिजे ज्याला काही शिकवावं लागणार नाही. म्हणजे विकलं जातंय ते "तयार नर्स", आणि फ्रेशर कितीही हुशार असली तरी तयार नसते, नसायलाच पाहिजे, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. सगळी गडबड इथून सुरू होते, पुढचं सगळं याचंच शेपूट.

जॉइन कसं होतं ते सांगते. कागदपत्रं, लसीकरण, पोलीस व्हेरिफिकेशन वगैरे ठीक, ते सगळीकडेच असतं. मग येते स्किल चेकलिस्ट. कॅथेटर टाकणे, रायल्स ट्यूब, ट्रेकिओस्टॉमी केअर, ब्लड ट्रान्सफ्युजन, व्हेंटिलेटरवरचा पेशंट अशी लांबलचक यादी आणि प्रत्येकापुढे तुम्हीच तुम्हाला मार्क द्यायचे. स्वतःचा पेपर स्वतःच तपासायचा! कॉलेजमध्ये एकदा सिस्टरच्या मागे उभं राहून बघितलेलं ट्रान्सफ्युजन "केलंय" मध्ये धरायचं का "बघितलंय" मध्ये, हे विचारायला समोर कोणी नर्स नसते, कोऑर्डिनेटर असतो आणि त्याला शिफ्ट भरायच्या असतात. मला एकाने फोनवर सरळ सांगितलं होतं की मॅडम थोडं वरचं टिक करा, नाहीतर तुमचं प्रोफाईल पुढे जात नाही. अनुभव होता म्हणून मला फरक पडला नाही, पण हाच सल्ला फ्रेशरला मिळाला तर तिच्या खोट्या टिकवर विश्वास ठेवून हॉस्पिटल तिला पेशंट देणार आहे आणि काही झालं तर खाली सही तिची आहे.

आता चांगलं काय ते पण प्रामाणिकपणे लिहिते, नाहीतर म्हणाल मावशी नुसती किरकिर करते. तासाला बघितलं तर बऱ्याचदा कायम स्टाफपेक्षा जास्त सुटतात. शिफ्ट तुम्ही निवडता, नको त्या दिवशी नाही म्हणता येतं. वॉर्डातलं राजकारण, ड्युटी रोस्टरवरची भांडणं, कोण कोणाशी बोलत नाही हे काही आपल्या डोक्याला लागत नाही. वेगवेगळ्या ठिकाणच्या पद्धती बघायला मिळतात हे पण खरंय, मला स्वतःला त्याचा फायदा झाला. आणि कायमची भरती बंद असेल तर घरी बसून गंजण्यापेक्षा काहीतरी हातात असतं. हे सगळे फायदे खरे आहेत पण बघा, यातला एकही फायदा शिकण्याचा नाही. "वेगवेगळ्या पद्धती" हा तुम्हाला आधी एक पद्धत पक्की येत असेल तरच फायदा असतो, नाहीतर नुसता गोंधळ.

ओरिएंटेशनवर जरा जास्त लिहिते कारण खरी मेख तिथे आहे. कायम नोकरीत फ्रेशरला सहसा काही आठवडे एक सिनिअर जोडून देतात, आयसीयूत तर महिने लागतात. अमेरिकेत व्हिझिएंट (हॉस्पिटलांसाठी काम करणारी कंपनी) आणि एएसीएन (नर्सिंग कॉलेजांची संघटना) यांचा फ्रेशर नर्सेससाठी रेसिडेन्सी प्रोग्राम आहे, 2002 साली सुरू झाला, तो 12 महिन्यांचा आहे. बारा महिने! तेही कॉलेज संपवून लायसन्स हातात असलेल्यांसाठी. एजन्सीवाल्याला काय मिळतं? गेटवर बॅज, कॉम्प्युटरचं लॉगिन (मिळालं तर), क्रॅश कार्ट (इमर्जन्सी औषधांची ट्रॉली) कुठे, टॉयलेट कुठे आणि "हे तुमचे पेशंट". अनुभवी नर्स अर्ध्या तासात सेट होते कारण काय विचारायचं ते तिला माहीत असतं, फ्रेशरला मुळात कुठला प्रश्न विचारायला हवा हेच माहीत नसतं.

एक उदाहरण देते, आयसीयूवाले लगेच मान हलवतील. नॉरअ‍ॅड्रेनलिन हे बीपी वाढवायचं औषध एका ठिकाणी 50 एमएलमध्ये 4 मिलिग्रॅम बनवतात, दुसरीकडे 8, तिसरीकडे 16 पण. पंपावर आकडा दिसतोय 5 एमएल पर अवर. पहिल्या ठिकाणी पेशंटला तासाला 0.4 मिलिग्रॅम जातंय आणि दुसऱ्या ठिकाणी 0.8, म्हणजे डबल. पंप तोच, आकडा तोच, सिरिंजही तशीच दिसते. जी एकाच आयसीयूत वर्षभर राहिली तिच्या हाताला त्या युनिटचं प्रमाण बसतं, आणि नंतर ती दुसरीकडे गेली की पहिल्यांदा सिरिंजवरचं लेबल वाचते कारण आपल्याकडच्यापेक्षा वेगळं असू शकतं हे तिला ठाऊक असतं. जिला "आपल्याकडचं" असं काही नाहीच, ती कशाशी ताडून बघणार?

आता माझ्या वॉर्डातलं. एका नाईटला एजन्सीतर्फे एक मुलगी आली, फ्रेश, पण कामाला एकदम नीटनेटकी. तिच्याकडे ऑपरेशन होऊन आलेला एक पेशंट होता. मी राऊंडला गेले तर चार्टवर श्वासाचा रेट 18, मग 22, मग 26, सगळं वेळच्या वेळी सुंदर अक्षरात लिहिलेलं. ज्यांना न्यूज स्कोअर (पेशंट बिघडतोय का हे मार्कांवरून ओळखायची पद्धत) माहीत आहे त्यांना कळेल, ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सचा 2012 चा आणि मग 2017 मध्ये सुधारलेला, त्यात 21 ते 24 ला 2 मार्क आणि 25 किंवा त्याच्या वर थेट 3, आणि एकाच गोष्टीत 3 आले तर बाकी सगळं नॉर्मल असलं तरी तातडीने डॉक्टरला बघायला बोलवायचं असतं. हिने स्कोअर पण बरोबर काढला होता. फोन मात्र केला नव्हता. का नाही केला विचारलं तर म्हणाली, "सिस्टर, मला वाटलं इथे एवढं चालत असेल." आणि ऑन-कॉल कोण आहे, नंबर कुठे लिहिलाय, रात्री उठवलं तर ते खेकसतात का, हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं, आणि ज्यांना विचारायचं ते चेहरे तिने त्या रात्री पहिल्यांदा बघितलेले. पेशंट वेळेत हलवला, बरा झाला, ते सोडा. मला त्या मुलीचं जास्त वाटलं. तिला ज्ञान कमी नव्हतं, तिला "अगं जरा येऊन बघ ना" असं म्हणायला शेजारी ओळखीचं माणूस नव्हतं.

त्याच्यापुढे जे झालं त्यात खरा रिव्ह्यू आहे. हॉस्पिटलने एजन्सीला कळवलं आणि एजन्सीने तिला आमच्याकडे पाठवणं बंद केलं. बास. तिला बोलावून शिकवणं नाही, कोणा नर्सशी बोलणं घालून देणं नाही. याला त्यांच्यात डू नॉट रिटर्न म्हणतात, नाव त्या हॉस्पिटलच्या यादीत गेलं की संपलं, काय चुकलं हे बऱ्याचदा धड कळतही नाही. ती माझी कायम स्टाफ असती तर मी तिला बाजूला घेऊन बसले असते, इन्सिडेंट फॉर्म भरला असता, पुढचे काही दिवस तिच्या चार्टवर नजर ठेवली असती आणि ती मुलगी परत आयुष्यात 26 चा रेट नुसता लिहून पुढे गेली नसती. एजन्सीत चूक झाली की त्यातून शिकणं होत नाही, शिफ्ट जाते. मग मुली काय करतात, लपवायला शिकतात.

"पाण्यात पडलं की पोहता येतं" असं आमच्यातले जुने लोक फार म्हणतात. येतं ना, पण तुमच्या पाठीवर पेशंट बांधलेला असतो हे विसरता तुम्ही.

हे काही माझंच म्हणणं नाही. नर्सिंगच्या अमेरिकन अभ्यासक पॅट्रिशिया बेनर यांनी 1984 मध्येच नर्स नवशिकीपासून तज्ज्ञ होईपर्यंतच्या पाच पायऱ्या मांडल्यात आणि त्यातली तिसरी, म्हणजे आपलं काम आपण नीट आखून करतो ती, त्यांच्या मते साधारण दोन-तीन वर्षं एकाच प्रकारच्या कामात राहिल्यावर येते. एकाच प्रकारच्या, हे महत्त्वाचं. आज ऑर्थो, उद्या मेडिसिन, परवा कॅज्युअल्टी असं फिरून वर्षं भरतात, पायरी चढली जात नाही. आणि फिरवतातच हो, वॉर्ड बदलून कोणाला पाठवायचं म्हटलं की पहिला नंबर एजन्सीवाल्याचा, पेशंट कमी झाले की शिफ्ट कॅन्सल पण पहिली त्याचीच.

होम केअरबद्दल पण विचारतात बऱ्याच जणी, की घरी एकच पेशंट असतो, फ्रेशरला सोपं नाही का. उलटं आहे. हॉस्पिटलात हाक मारली तर कोणीतरी धावत येतं, घरी तुम्ही एकट्या, ट्रेकी (श्वासासाठी गळ्यात बसवलेली नळी) ब्लॉक झाली तर सक्शन तुम्हीच, निर्णय तुम्हीच, आणि बाजूला नातेवाईक तुमच्याकडे बघत उभे. शिवाय हा अनुभव नंतर काही हॉस्पिटलं धरत नाहीत. फ्रेशरला हे काम सोपं म्हणून देणाऱ्या एजन्सीला माझ्याकडून शून्य.

मग अजिबात नकोच का? असं नाही. काही जणींना खरंच पर्याय नसतो, घरची जबाबदारी असते, भरती निघत नाही, बॉण्ड परवडत नाही. तर मग असं बघा की एकाच हॉस्पिटलात एकाच वॉर्डात सलग काही महिन्यांचं बुकिंग मिळतंय का, आणि सुरुवातीच्या शिफ्ट तुम्हाला जास्तीची माणूस म्हणून धरतील का, मोजणीतली नाही. काही हॉस्पिटलांचा स्वतःचा बँक किंवा फ्लोट पूल (लागेल तसं वॉर्डात पाठवायच्या स्वतःच्याच नर्सेस) असतो, तो एजन्सीपेक्षा कधीही बरा, निदान पंप आणि फॉर्म तरी तेच राहतात. अमेरिकेतली ती प्रसिद्ध ट्रॅव्हल नर्सिंगची (गावोगावच्या हॉस्पिटलांत थोड्या दिवसांसाठी जाऊन करायची) 13 आठवड्यांची कॉन्ट्रॅक्टं बघून खूप जणी भुलतात, पण तिथेही बहुतेक एजन्सी आधी एक-दोन वर्षांचा अनुभव मागतात. माझ्या मते चांगली एजन्सी ओळखायची सगळ्यात सोपी खूण हीच, ती फ्रेशरला म्हणते "आत्ता नको, वर्षभर करून या." जी म्हणते "काही नाही हो, सगळं जमतं, उद्यापासून या" तिचा फोन ठेवून द्या.

आणि सही करायच्या आधी तोंड उघडून विचारा, लाजू नका. रात्री दोन वाजता अडले तर तुमच्याकडे फोन उचलणारी नर्स आहे का, कोऑर्डिनेटर नाही, नर्स. केस झाली तर इन्शुरन्स कोणाचा, माझा का तुमचा. ऐनवेळी शिफ्ट कॅन्सल केली तर काय देणार. मला न येणाऱ्या वॉर्डात पाठवलं तर नाही म्हणता येईल का, आणि म्हटलं तर पुढच्या शिफ्ट बंद होतील का. उत्तरं कागदावर मागा, फोनवरच्या गोड बोलण्याला काही अर्थ नसतो. आणि ओरिजिनल सर्टिफिकेटं "फाईलला लागतात" म्हणून ठेवून घेतो म्हणाले तर झेरॉक्स द्या, ओरिजिनल फक्त दाखवा आणि तिथल्या तिथे परत घ्या. देत नसतील तर आपण उठायचं.