स्वतः कॉन्फिग केलेला लिनक्स कर्नल, काही महिने वापरल्यानंतर (ड्रायव्हर्सबद्दल सविस्तर)

डिस्ट्रोचा (उबंटू, फेडोरासारख्या तयार लिनक्सचा) कर्नल, म्हणजे हार्डवेअर सांभाळणारा सिस्टीमचा गाभा, सोडून स्वतः कॉन्फिग केलेला, म्हणजे आत काय ठेवायचं ते निवडून बनवलेला कर्नल रोजच्या लॅपटॉपवर वापरायला लागून आता बरेच महिने झालेत, त्यामुळे सुरुवातीचा उत्साह ओसरलाय आणि नीट सांगता येईल असं वाटतं. आधीच सांगतो, मशीन फास्ट होईल म्हणून करणार असाल तर नका करू, ब्राउझर तेवढ्याच वेळात उघडतो. खरा फायदा म्हणजे आपल्या मशीनमधलं कुठलं हार्डवेअर कुठल्या ड्रायव्हरवर चालतंय हे पक्कं कळतं, आणि काही बिघडलं की कुठे बघायचं हे शोधत बसावं लागत नाही. डिस्ट्रोच्या पूर्ण कॉन्फिगने बनवण्यापेक्षा कंपाइलचा (सोर्स कोडपासून कर्नल बनवण्याचा) वेळ पण भरपूर वाचतो, कारण डिस्ट्रोला जगातल्या कुठल्याही मशीनवर चालायचं असतं म्हणून ते हजारो ड्रायव्हर मॉड्यूल (लागेल तेव्हा लोड होणारे वेगळे तुकडे) करून ठेवतात.

सुरुवात रिकाम्या कॉन्फिगपासून करू नका, उगाच डोकं फिरतं. डिस्ट्रोची कॉन्फिग फाइल (काय चालू, काय बंद याची यादी) घ्या आणि मेक लोकलमॉडकॉन्फिग ही कमांड चालवा, ही सोय 2.6.32 व्हर्जनपासून कर्नलमध्येच आहे. ती त्या क्षणी लोड असलेले मॉड्यूल बघते आणि बाकीचे बंद करते. त्या क्षणी लोड असलेले, हे लक्षात ठेवा!! म्हणजे वेबकॅम, ब्लूटूथ, यूएसबी इथरनेट, कधीतरीच लागणारा प्रिंटर, पेनड्राइव्हवरची एक्सफॅट फाइल सिस्टीम, सगळं एकदा जोडून, वापरून मगच कमांड द्यायची, नाहीतर तो ड्रायव्हर कॉन्फिगमधून गेलाच समजा आणि गरज पडेल तेव्हा परत कंपाइल करत बसा.

मग येतो वाय की एम हा प्रश्न, वाय म्हणजे ड्रायव्हर कर्नलमध्येच बसवायचा, एम म्हणजे वेगळा मॉड्यूल करायचा. माझा नियम साधा आहे, रूट पार्टिशनपर्यंत (डिस्कच्या ज्या भागात सिस्टीम आहे तिथपर्यंत) पोचायला जे लागतं ते वाय, म्हणजे माझ्याकडे एनव्हीएमई (एसएसडीचा ड्रायव्हर) आणि ईएक्सटी4 (फाइल सिस्टीम), बाकी जवळपास सगळं एम. असं केलं की इनिटरामएफएसशिवायही (बूट होताना मेमरीत येणाऱ्या तात्पुरत्या छोट्या सिस्टीमशिवायही) बूट होतं, फक्त बूटलोडरमध्ये (कर्नल सुरू करणाऱ्या प्रोग्राममध्ये) रूट कुठे आहे ते सांगताना नेहमीचा यूयूआयडी (फाइल सिस्टीमचा ओळख क्रमांक) चालत नाही, कारण फाइल सिस्टीमचा यूयूआयडी शोधण्याचं काम इनिटरामएफएसमधले प्रोग्राम करतात, कर्नलला स्वतःला पार्टयूयूआयडी (पार्टिशनचा ओळख क्रमांक) समजतो. या एका गोष्टीवर लोकांच्या अख्ख्या संध्याकाळी जातात.

वायफायचं मात्र वेगळं. त्याला फर्मवेअर, म्हणजे वायफाय चिपमध्ये भरायचा प्रोग्राम, फाइलमधून लागतो. ड्रायव्हर वाय केला तर डीमेसेजमध्ये (कर्नलच्या मेसेजच्या नोंदीत) फर्मवेअर लोड फेल, एरर -2 अशी ओळ दिसते आणि वायफाय गायब. फाइल तर लिब-फर्मवेअर फोल्डरमध्ये व्यवस्थित असते! -2 म्हणजे फाइल सापडली नाही, कारण ड्रायव्हर सुरू झाला तेव्हा रूट पार्टिशन माउंटच झालेलं नव्हतं. एम करा, प्रश्न मिटला. फर्मवेअर कर्नलमध्येच भरायचा ऑप्शन आहे, पण मग प्रत्येक फर्मवेअर अपडेटला कर्नल परत बनवा, कशाला एवढा व्याप. ग्राफिक्स ड्रायव्हरचं पण हेच, त्यालाही फर्मवेअर लागतो.

मेन्यूकॉन्फिगमध्ये (कॉन्फिग बदलायच्या मेन्यूत) स्लॅश दाबून सर्च करायची सवय लावून घ्या. ऑप्शन मेन्यूत दिसतच नाही तेव्हा बहुतेक वेळा त्याची एखादी डिपेंडन्सी (त्याला लागणारा दुसरा ऑप्शन) बंद असते आणि सर्चमध्ये 'डिपेंड्स ऑन'च्या ओळीत ती लगेच सापडते. मला टचपॅडच्या वेळी हे फार उपयोगी पडलं, टचपॅड आयटूसीवर (चिप्स जोडणाऱ्या एका प्रकारच्या जोडणीवर) होता आणि त्याच्या खालचा कंट्रोलरचा ड्रायव्हरच बंद होता, वरचा एचआयडीचा (कीबोर्ड, माउससारख्या इनपुट डिव्हाइसचा) भाग कितीही चालू केला तरी काय उपयोग. आणि कुठल्या डिव्हाइसला कुठला ड्रायव्हर लागलाय हे एलएसपीसीआय या कमांडला (ती पीसीआय डिव्हाइसेसची यादी देते) के ऑप्शन दिला की सरळ लिहून येतं.

नवीन व्हर्जन आली की जुनी कॉन्फिग ठेवून मेक ओल्डकॉन्फिग करतो, ओल्डडेफकॉन्फिग नाही, कारण ते नवीन प्रश्नांना गुपचूप डीफॉल्ट उत्तर देऊन मोकळं होतं आणि मला काय नवीन आलंय ते वाचायचं असतं. वेळ जातो, पण आवडतं मला ते. बाहेरून घेतलेला ड्रायव्हर असेल तर डीकेएमएस (नवीन कर्नलसाठी असे मॉड्यूल आपोआप परत बनवणारी सोय) ठेवाच, एका कर्नलसाठी बनलेला मॉड्यूल दुसऱ्यात सहसा लोड होत नाही.

एकच मशीन, ठरलेलं हार्डवेअर आणि थोडा निवांत वेळ असेल तर नक्की करा. सारखी नवी नवी डिव्हाइसेस जोडत असाल तर डिस्ट्रोचाच कर्नल बरा. आणि काहीही केलंत तरी डिस्ट्रोचा कर्नल बूटलोडरमधून काढू नका, मी अजूनही ठेवलाय.