केनियातल्या स्पॉन्सर केलेल्या मुलांना भेटायची ट्रिप: आमच्या चर्च टीमचा रिव्ह्यू

सलाम मंडळी. आपण ज्यांना स्पॉन्सर करतो, म्हणजे ज्यांच्या शिक्षणाच्या खर्चाला पैसे पाठवतो, त्या मुलांना भेटून आलो. उपासनेनंतर बरेच जण विचारतायत की केनियाची ट्रिप कशी झाली, पैसे वसूल का, आम्ही पण जाऊ का, म्हणून एकदाच सगळं लिहितेय. माझं मत आधीच सांगते, जा, पण नेणारी संस्था त्या मुलांना किती जपते ते बघूनच जा, कारण हॉटेल, गाडी, जेवण हे सगळं नंतरचं.

आमची टीम म्हणजे मुंबईतल्या मराठी चर्चमधलीच माणसं, महिला मंडळातल्या काही जणी, तरुण संघाची पोरं, पाळकसाहेब आणि पाळकबाई. गाव किटुई भागातलं, नैरोबीच्या पूर्वेला, कोरडा प्रदेश, कांबा लोकांची वस्ती. मुंबईहून नैरोबी थेट विमानाने सहा तासांच्या आसपास, त्यापुढे गाडी.

तयारीच्या बाबतीत संस्थेला पूर्ण मार्क. यलो फिव्हरची लस सरकारमान्य सेंटरलाच घ्यावी लागते (मुंबईत सहारला एअरपोर्ट हेल्थ ऑर्गनायझेशनकडे मिळते), सर्टिफिकेट लस घेतल्यावर १० दिवसांनी लागू होतं, आणि ते नसेल तर परत येताना इथे सहा दिवसांपर्यंत क्वारंटाइनमध्ये ठेवू शकतात, हे सगळं त्यांनी फार आधी बजावलं होतं. जानेवारी २०२४ पासून केनियाला व्हिसाऐवजी ऑनलाइन ईटीए (प्रवासाची आगाऊ परवानगी) लागतो, तोही त्यांनी समोर बसून भरून घेतला. प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर तिकडे २०१७ पासून बंदी आहे, त्यामुळे बॅगा भरताना कापडी पिशव्याच वापरायला लावल्या. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे प्रत्येकाकडून पोलीस क्लिअरन्स (आपल्यावर गुन्हा नाही असा पोलिसांचा दाखला) मागितला, पाळकसाहेबांकडून सुद्धा. काही जणांना राग आला, मला मात्र तिथेच विश्वास बसला, जी संस्था पाळकांचीही चौकशी करते ती मुलांच्या बाबतीत ढिलाई करणार नाही.

नियम कडक आहेत. मुलाला एकट्याने भेटायचं नाही, फोन नंबर, पत्ता द्यायचा नाही, पैसे हातात द्यायचे नाहीत, चेहरा आणि गावाचं नाव एकत्र दिसेल असा फोटो कुठेही टाकायचा नाही. म्हणून इथे फोटो नाहीत, कृपया मागू नका.

आता भेटीबद्दल. आमच्या घरून जिला स्पॉन्सर करतो ती मुलगी आजीजवळ राहते. सुरुवातीला ती आजीच्या मागेच उभी, एक शब्द नाही. संस्थेची ताई आमचं बोलणं कांबा भाषेतून सांगायची, आम्ही हसायचो, ती जमिनीकडे बघायची. मग ताईने तिची फाइल काढली, त्यात उंची, वजन, शाळेचा रिझल्ट आणि आम्ही पाठवलेली पत्रं, एकूण एक, तारखेप्रमाणे लावलेली. मुलीने स्वतः एक पत्र काढून माझ्या मुलाने काढलेल्या लोकलच्या चित्रावर बोट ठेवलं आणि विचारलं, एवढी माणसं दारात लटकून का उभी आहेत, पडत नाहीत का? त्यानंतर गप्पा थांबल्याच नाहीत. आजीने मला विचारलं, तुमच्याकडे पाऊस झाला का.

पाऊस हाच तिकडचा मोठा प्रश्न आहे. मुली पिवळे कॅन घेऊन पाण्याला जातात. त्या भागात सँड डॅम बांधतात, म्हणजे पावसाळ्यात वाहणाऱ्या नदीला आडवी भिंत घालायची, मागे वाळू साठते, पाणी वाळूत मुरून राहतं आणि उन्हाने उडून जात नाही, मग खड्डा करून काढायचं, आपल्याकडे उन्हाळ्यात नदीत झिरे खणतात ना तसंच. आम्हाला असा एक बांध दाखवला आणि पाणी जवळ आलं की मुली शाळेत जास्त टिकतात हे तिथल्या शिक्षकांनी स्वतः सांगितलं. २००३ पासून तिकडे सरकारी प्राथमिक शाळेला फी नाही, पण युनिफॉर्म, वह्या, दुपारचं जेवण यात घरं अडकतात, स्पॉन्सरचा पैसा तिथे कामी येतो.

हे पैसे खरंच उपयोगी पडतात का, असं आमच्या चर्चमध्येही विचारतात, आणि विचारायलाच हवं. कम्पॅशन इंटरनॅशनल या मुलांना स्पॉन्सर मिळवून देणाऱ्या ख्रिस्ती संस्थेच्या कार्यक्रमावर २०१३ मध्ये एक मोठा अभ्यास आला होता, सहा देशांतला, त्यात केनिया आणि आपला भारतही होता, आणि स्पॉन्सर झालेली मुलं साधारण एक ते दीड वर्ष जास्त शिकली असं त्यात निघालं. (२०१७ मध्ये त्या संस्थेला भारतातलं काम बंद करावं लागलं.) आणि आपण तर हे विसरूच नये, पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन ही विधवा मुलींसाठीची शाळा सुरू केली तेव्हा खर्चाची जबाबदारी बोस्टनच्या रमाबाई असोसिएशनने घेतली होती. घेणारे आपण होतो, आज थोडं देणारे झालोय, मला याचा फार आनंद आहे.

एक गोष्ट मात्र अजिबात आवडली नाही. शाळेत आमच्या स्वागताचा कार्यक्रम ठेवला, नाच, गाणी, भाषणं, आणि त्यासाठी चालू वर्ग सोडून मुलं उन्हात बसवली. नाच सुंदर होता, आम्हीही टाळ वाजवून मराठी भजन म्हटलं, पोरांना टाळ इतके आवडले की ते तिथेच ठेवून आलो. पण आमच्यासाठी मुलांची शाळा का बुडावी? आणि कुंपणाबाहेर स्पॉन्सर न मिळालेली मुलं उभी राहून बघत होती, त्यात स्पॉन्सर मिळालेल्या एका मुलाची सख्खी बहीणही होती. ते बघवत नव्हतं. खाऊ आणि फुटबॉल सगळ्यांसाठी मिळून दिले म्हणून बरं, पण जेवायच्या वेळी बाहेरच्यांना आत बोलवा हे आम्हाला सांगावं लागलं. सांगितल्यावर लगेच बोलावलं, उकडलेला मका आणि घेवडा सगळ्यांनी एकत्र खाल्ला.

खर्च माणशी दीड लाखाच्या आसपास, सगळा स्वतःच्या खिशातून, मुलांच्या फंडातला एक रुपया नाही. ही अट तुम्ही जिथून जाल तिथे लेखी मागा. एवढे पैसे थेट मुलांनाच का नाही पाठवत, असं माझ्या जावेने विचारलं. तुम्ही कधी पत्रच लिहिलं नसेल तर खरंच पैसे पाठवा, जाऊ नका, कारण अनोळखी माणूस बघून त्या मुलांना काय मिळणार. पण पत्रं चालू असतील तर भेटीने फरक पडतो, तिकडच्या त्या मुलाला आणि तुमच्या घरातल्या मुलांनाही.

पाचपैकी चार स्टार. एक स्टार त्या बुडालेल्या वर्गासाठी कापला, संस्थेला तसं लिहूनही दिलंय. तिकडे ऑगस्टमध्ये शाळांना सुट्टी असते, त्यामुळे पुढची टीम ऑगस्टमध्ये न्यायची असं आता ठरतंय, नावं पाळकबाईंकडे द्या आणि पोलीस क्लिअरन्सला आत्ताच अर्ज करा.