एसक्यूएलमध्ये ग्रुपमागे एकच रो (ओळ) हवाय: रो नंबर, डिस्टिंक्ट ऑन की लॅटरल?

एका कस्टमरचे तीन-तीन फोन नंबर, आणि रिपोर्टात हवा एकच, तोही पसंतीचा, म्हणजे आधी मोबाईल, नसेल तर घरचा, तोही नसेल तर ऑफिसचा. पहिल्यांदा हात ग्रुप बाय (गट करणं) आणि मॅक्सकडेच (गटातली सगळ्यात मोठी किंमत) जातो, माझाही गेला होता. पण मॅक्सला आपली पसंती कुठून कळणार, आणि टाइपचा मॅक्स, नंबरचा मॅक्स असं वेगवेगळं घेतलं की टाइप एका रोचा नि नंबर दुसऱ्याच रोचा, एररपण येत नाही. माझा असला रिपोर्ट दोन दिवस बिनबोभाट फिरला 😅

आता मी डोळे झाकून रो नंबर घेतो, म्हणजे गटातल्या रोंना 1, 2, 3 असे क्रमांक देणारं विंडो फंक्शन. पार्टिशन बाय (गट कशावर) कस्टमर आयडी, ऑर्डर बायमध्ये (क्रम) केस, म्हणजे अट बघून किंमत देणारं, लावून मोबाईलला 1, घरच्याला 2, बाकीच्यांना 3, आणि बाहेरच्या क्वेरीत ज्याचा नंबर 1 तेवढाच ठेवायचा. विंडो फंक्शन वेअरमध्ये चालत नाही म्हणून सबक्वेरी किंवा सीटीई (विथने आधीच नाव दिलेली क्वेरी) लागतेच (स्नोफ्लेक, बिगक्वेरी या डेटाबेसमध्ये विंडो फंक्शनवर थेट अट लावणारं क्वालिफाय आहे, तिथे मजा आहे). मायएसक्यूएलमध्ये मात्र हे 8.0 पासूनच, 5.7 वर अडकला असाल तर विसरा.

पोस्टग्रेसच वापरत असाल आणि बदलणार नसाल तर डिस्टिंक्ट ऑन, दिलेल्या कॉलमच्या प्रत्येक किमतीमागे पहिलाच रो ठेवतं, अर्ध्या ओळीत काम. फक्त ऑर्डर बायची सुरुवात त्याच कॉलमने करावी लागते, त्यामुळे शेवटी नावाप्रमाणे लावायचं म्हटलं की परत सबक्वेरीत गुंडाळा.

लॅटरल, म्हणजे प्रत्येक रोसाठी वेगळी चालणारी सबक्वेरी, कधी? कस्टमर थोडे, पण प्रत्येकाच्या हजारो ऑर्डरी आणि हवी फक्त सगळ्यात नवीन. कस्टमर आयडी आणि तारखेवर मिळून इंडेक्स असेल तर लिमिट 1 लावून प्रत्येकाची एकच एन्ट्री उचलली जाते, रो नंबरवाली क्वेरी बहुतेक वेळा सगळं टेबल वाचत बसते. एसक्यूएल सर्व्हरमध्ये हेच काम आउटर अप्लाय आणि टॉप 1 करतं. फोनच्या केसवाल्या क्रमाला मात्र साध्या इंडेक्सचा काही उपयोग नाही.

आणि काहीही घ्या, एकाच कस्टमरचे दोन मोबाईल निघाले तर? आज एक येईल, उद्या दुसरा. ऑर्डर बायच्या शेवटी फोनच्या रोचा आयडी टाका. आयडी न टाकता रो नंबरऐवजी रँक (बरोबरी झाली की सारखाच क्रमांक देणारं) लिहिलंत तर दोन्ही येतील, तेही बघा.